ज्याची बस आधी येईल

प्रिय ढब्बू,

फोन सोडून मी पत्र लिहितेय म्हटल्यावर तू आधी वहिनीला हाक मारशील आणि म्हणशील, ताईचं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलेलं नाही. पण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि भिंत निदान मधेच पाइप बंद करायला पळत नाही. तू ‘हं’ म्हणतोस, मागे पाण्याचा आवाज येतो, आणि तो हं मला होता की रोपांना, ते मला कळत नाही. शिवाय जे सांगायचंय ते मला तोंडानं सांगता येणार नाही. गेल्या आठवड्यात कितीदा तरी फोन उचलला आणि खाली ठेवला. म्हणून हे लिहिते. नर्सरीतलं काम आटोपल्यावर हात धुऊन, खुर्चीवर बसून वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

आधी बातम्या. ठमीची खोली तयार आहे. मी अजून तिला आईची खोलीच म्हणते. रंगाऱ्यालाही तसंच सांगितलं, तर तो बिचारा विचारत होता, आजींना एवढा भडक रंग चालेल का. रंग तुझ्या लेकीनं फोनवर निवडलाय. पिवळा हवा, पण बसचा पिवळा नको, एवढी स्पष्ट सूचना होती. आईचं कपाट रिकामं केलं. ऑपरेशन थिएटरमधल्या तिच्या पांढऱ्या चपला तेवढ्या टाकवल्या नाहीत, त्या माझ्या पलंगाखाली सरकवल्या. खिडकीशी छोटा पलंग लावला, टेबल लावलं, त्यावर दिवा. शाळेतही जाऊन आले. मुख्याध्यापिका कडक आहेत पण दात चांगले आहेत (माझं आधी तिकडेच लक्ष जातं, त्याला इलाज नाही), आणि पाचवीतली एक जागा ठमीसाठी ठेवते म्हणाल्या. सगळं झाल्यावर पलंगावर नवी चादर घातली आणि दारात उभी राहून बघत राहिले. मला इतका आनंद झाला ढब्बू, की स्वयंपाकघरात जाऊन मी सवय नसताना दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायले.

कामाचं म्हणशील तर लॅब जोरात आहे. लोकांचे दात पडतात आणि आमची चूल पेटते. परवा एका म्हाताऱ्या ट्रकचालकानं कवळी परत आणली. मी जीव ओतून केली होती, दात अगदी एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे. तो म्हणाला, माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती कुठे गेली? फटीशिवाय बायको मला घरात घेईना. मी पुन्हा मेण गरम केलं, दात सरकवले, फट ठेवून दिली. आता तो त्या फटीतून शिट्टी वाजवतो म्हणे. लॅबमधल्या पोरी दिवसभर हसत होत्या.

मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले होते, ते आठवतं ना? वहिनी कलमं बांधत बसली होती. बांधता बांधता तिनं मान वर न करता विचारलं, ‘ताई, तुम्ही दोघांनी शहर-गाव दोन्ही बघितलंय. तुम्हीच सांगा, मूल कुठे वाढवावं?’ मी तोंड उघडायच्या आत तू सुरू झालास. इथे चौथीनंतर चार वर्गांना मिळून एकच मास्तर, तोही अर्धा वेळ सरकारी कागद भरतो, ठमीचं डोकं चालतं, इथे ती गंजून जाईल, ताईकडे राहील, रविवारी भेटता येईल. सगळं बरोबर होतं. वहिनीनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं रोप घेतलं. तू विचारलंस, ठेवशील ना ताई? मी हो म्हणाले. विचारायचा अवकाश की हो म्हणाले. पण वहिनीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नाही. दोन्ही बघितलंय हे काही खरं नाही. आपण अर्धं अर्धं बघितलंय, आणि दुसऱ्याच्या अर्ध्याबद्दल एकमेकांच्या थापा ऐकल्यात.

हा वाद आपल्या घरात किती जुना, ते तुला नीट माहीत नसेल, तू तेव्हा पाळण्यातून जेमतेम उतरला होतास. बाबा तेव्हा इथे सार्वजनिक बागेत माळी होते. त्यांच्या काकांनी ती जमीन त्यांच्या नावावर केली आणि बाबांच्या अंगात नर्सरी संचारली. ते म्हणायचे, शहरात पोरं वाढवणं म्हणजे मोठं झाड कुंडीत लावणं, मुळं गोल गोल फिरतात आणि स्वतःलाच आवळतात. आई म्हणायची, गावात पोराला ताप चढला तर डॉक्टर येईपर्यंत एक तर ताप उतरतो नाहीतर पोर जातं. मी थिएटरमध्ये काय काय बघते ते मला विचारा. दोघंही चांगली माणसं, दोघांचंही म्हणणं खरं, त्यामुळे भांडण मिटायला काही वावच नव्हता. आवाज कधी चढला नाही. जेवताना, कपडे वाळत घालताना, माझी वेणी घालताना, मऊ आवाजात वाद चालूच असायचा. मला तर वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच बोलतात.

एकदा मामा आला होता. तो म्हणाला, अरे, दोघं एवढे ताणता कशाला, मधल्या उपनगरात घर घ्या. हा इकडे बसनं जाईल, ती तिकडे बसनं जाईल, पोरं मधे राहतील. त्यावर आई-बाबा दोघंही हसले. एकमेकांकडे बघून, अगदी मनापासून. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच. आई म्हणाली, अर्धं ऑपरेशन करून पेशंटला घरी पाठवतात का? बाबा म्हणाले, तिथे ना धड माती, ना धड माणसं. नुसत्या सारख्या दिसणाऱ्या भिंती. मामा बिचारा ओशाळून चहा प्यायला. ते हसणं मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी घरात किती बरं वाटलं होतं.

मग तुला खोकला लागला. सगळा हिवाळा तू छाती भरून खोकत होतास. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या. माझी शाळा सुरू झाली होती, आईची नोकरी पक्की होती. तेव्हा असं ठरलं की एक वर्ष बघू. ढब्बू बाबांबरोबर, मी आईबरोबर. कुणी कुणाला सोडलं नाही, कुणी रुसलं नाही. वर्षभराचा तर प्रश्न. तुझा खोकला गावी गेल्यावर महिन्याभरात गेला आणि तू मात्र तिथेच राहिलास. पुढच्या वर्षी नर्सरीत नुकतं बस्तान बसत होतं, त्याच्या पुढच्या वर्षी आई हेडनर्स झाली. असं करता करता मी साडी नेसायला लागले आणि तुझा आवाज फुटला.

आणि रविवार. शहरातली बस जिथे संपायची आणि गावाकडची बसही जिथे संपायची, तो उपनगरातला स्टॉप. पत्र्याची शेड, लाकडी बाक, पाठीमागे कुलूप लावलेलं हार्डवेअरचं दुकान, समोर एकसारखी बैठी घरं आणि त्यातल्या एका घरापुढे दर रविवारी गाडी धुणारा तो टकला गृहस्थ. आपण त्याला चकचकीत काका म्हणायचो, गाडीवरून की टकलावरून ते आता आठवत नाही. त्या बाकावर आपलं सगळं घर भरायचं. आई आल्या आल्या तुझे कान तपासायची, मग नखं, मग गुडघे. बाबा माझे बूट हातात घेऊन टाचा बघायचे आणि म्हणायचे, पोरगी नुसती फरशीवर चालते. नंतर ते माझी वेणी सोडून पुन्हा घालायचे, रोपाला काठी बांधतात तशी घट्ट. ती मी सोमवारी शाळेतही तशीच ठेवायची, मुली हसल्या तरी. मग डबा उघडायचा. पाव, उकडलेली अंडी, बाबांनी आणलेल्या काकड्या. आठवड्याभराचं बोलणं, लाड, सगळं त्या दुपारीत कोंबायचं. रागवायला वेळच उरायचा नाही, म्हणून ते राहून जायचं. मला बाबा आयुष्यात कधी ओरडले नाहीत. लोकांना याचं फार कौतुक वाटतं. मला नाही वाटत. तुला ते ओरडायचे, पाइप उघडा टाकलास म्हणून, भर उन्हात हिंडलास म्हणून, आणि तू मला ते रडत सांगायचास तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा.

जेवण झालं की आई झोपायची. शनिवारची रात्रपाळी करून ती थेट बसमध्ये बसलेली असायची. बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं की तिचा डोळा लागायचा, आणि बाबा मग जराही हलायचे नाहीत. माशी नाकावर बसली तरी नुसतं नाक हलवायचे. आपण दोघं त्यावर किती हसायचो. त्या दोघांना मी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी असं बसलेलं पाहिलेलं नाही ढब्बू. इथल्या घरात बाबा पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत. गावी गेली की आई डास होऊ नयेत म्हणून पाण्याच्या बादल्या झाकत हिंडत असे.

मग संध्याकाळ व्हायची, आणि आपला खेळ. कुणी काढला तो, तू की मी? मला वाटतं मीच. ज्याची बस आधी येईल तो जिंकला. हरलेल्यानं पुढच्या रविवारी आपल्या वाट्याचं अंडं द्यायचं. चार वाजल्यापासून आपण रस्त्याच्या दोन टोकांना डोळे लावून बसायचो. लाल दिसली की तू ओरडायचास, माझी! पिवळी दिसली की मी. जिंकणाऱ्यानं उड्या मारत बसमध्ये चढायचं, मागच्या काचेला नाक लावायचं आणि बाकावर उरलेल्याला वाकुल्या दाखवायच्या. एका पावसाळ्यात सलग किती रविवार तू जिंकलास, आणि मी इतकी चिडले की आईनं मला समजावलं, पुढच्या वेळी आपली बस आधी येईल हं. आईला वाटलं, मला घरी जायची घाई आहे.

पिवळी बस हार्डवेअरच्या कोपऱ्यावरून वळली की मी नाक काचेवरून काढायची आणि सीटवर आडवी व्हायची. आई पुढे बसलेली असायची, पेंगत. मी दप्तर तोंडावर घ्यायची. रडायची असं नाही, रडणं कधीकधी. बहुतेक वेळा शहरातले दिवे दिसायला लागेपर्यंत दप्तर तोंडावरून काढायची नाही. घरी आल्यावर आई विचारायची, मजा आली? मी म्हणायची, मी जिंकले. तुझं बसमध्ये काय व्हायचं, मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

त्याऐवजी आपण थापा मारल्या. मी तुला लिफ्टच्या गोष्टी सांगायची, आरशाची लिफ्ट, बटण दाबलं की गाणं लागतं. आपली लिफ्ट वर्षातले दहा महिने बंद असायची आणि उरलेले दोन महिने तिच्यात कुणीतरी अडकलेलं असायचं. तू सांगायचास की तुझ्या हाकेला कोल्हा येतो. तो कोल्हा मी पुढे पाहिला. शेजारच्यांचा कुत्रा होता, त्याला शेपटीला खरूज झाली होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण आपण तर दर रविवारी जवळ येऊनही एकमेकांना डोंगरच दाखवले.

शहरानं मला काही कमी दिलं असं मी म्हणणार नाही. मला वाचनालय मिळालं, चांगल्या बाई मिळाल्या, हातात कला आली. आई कामावर असली की आमच्याच मजल्यावरची शेजारीण मला जेवायला बोलवायची. तुला गावानं फुफ्फुसं दिली, झाडं दिली, वहिनी दिली. पण तू माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला भेटायला आलास तेव्हा रस्त्याच्या पलीकडे इतका वेळ उभा होतास की मी खिडकीतून बघून शेवटी तुला आणायला खाली आले. तू हसून म्हणालास, एवढ्या गाड्या मोजत होतो. आणि मी तुझ्याकडे येते तेव्हा मला झोप लागत नाही. शांतता कानात कुणीतरी बोट घातल्यासारखी वाटते. सकाळी तू विचारतोस, झोप झाली ना छान? मी म्हणते, अगदी मस्त. पळसाला पानं तीनच, असं बाबा म्हणायचे, कुठेही गेलं तरी. तेही अर्धंच खरं. पोराला कुठे वाढवलं यानं फरक पडतो. वहिनीचा प्रश्न चुकीचा नव्हता.

आता जे मला सांगायचंय त्याच्याजवळ आले. बाबा शेवटच्या वर्षात एकदा सहज बोलून गेले. आपण तिघं पाण्याच्या टाकीजवळ बसलो होतो, तू गिऱ्हाइकाशी बोलायला उठून गेलास. ते म्हणाले, ‘ढब्बू लहानपणी रविवारी परत येताना गाव येईपर्यंत तोंड उघडायचा नाही. मला वाटायचं खेळून दमलाय.’ एवढंच, आणि पुन्हा टाकीकडे बघत बसले. आई तर त्याआधीच म्हणाली होती. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी एकदा चिडून तिला विचारलं, तुम्ही ते एका वर्षाचं इतकी वर्षं का चालवलंत? तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाली, ‘अगं, आम्ही दरवर्षी ठरवायचो की आता पुरे. पण तुम्ही पोरं इतक्या खुशीत उड्या मारत बसमध्ये चढायचात. आम्हाला वाटलं, यांचं छान चाललंय, आपण आपल्यासाठी यांना कशाला हलवायचं? एकदा जरी रडला असतात ना, त्याच दिवशी सगळं मोडून एकत्र आलो असतो.’

हे मी तुला इतके दिवस सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? आपण रडू येऊ नये म्हणून तो खेळ काढला, आणि आपण रडत नाही हे बघून त्यांनी ते तसंच चालू ठेवलं. कुणाला दोष द्यायचा म्हटलं तरी सापडत नाही. सगळे एकमेकांची काळजीच घेत होते.

आणि आई गेली तेव्हाचं. सगळं उरकून तू गाडी चालवत होतास, बाबा पुढे, मी मागे. बाबा म्हणाले, जाताना त्या स्टॉपवरून जाऊ या का. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, बाबा, तो वळसा पडेल, आणि आता आहे काय तिथे? ते म्हणाले, नको तर नको, सहज म्हटलं. वर्ष सरायच्या आत तेही गेले. ते सहज म्हटलं नव्हतं, हे कळायला मला केवढा उशीर झाला. मला वाटायचं, आई गेली म्हणून बाबांना आपलं गावातलं घर गाठायचंय. आपण त्यांना त्यांचं खरं घर, तो बाकच, टाळून पुढे नेलं. याचं मला फार वाईट वाटतं. तुलाही वाटावं म्हणून लिहीत नाही, पण एकटीनं हे वागवायचा कंटाळा आला.

गेल्या रविवारी मी तिथे गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. लाकडी बाक गेला, आता लोखंडी आहे आणि मधे दांडे घातलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. हार्डवेअरच्या जागी औषधांचं दुकान आलंय. चकचकीत काका नाहीत, पण त्याच घरापुढे एक तरुण मुलगा गाडी धूत होता आणि त्याचेही केस विरळ व्हायला लागलेत. मागच्या गल्लीत एक शाळा आहे, ती मी तेव्हा कधी पाहिलीच नव्हती, कारण रविवारी ती बंद असणार. मैदान आहे. एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं देण्याची पाटी लागलीय. मी बाकावर बसून राहिले. लाल बस आली, पिवळी आली, गेल्या. तुझी नर्सरी तिथून तासाभरावर, माझी लॅब तासाभरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? मामा हे सांगत होता आणि त्याला आई-बाबा हसले. तुला त्या उपनगरात राहायला जा असं मी सांगत नाहीये. वहिनीशी बोल. तुम्हाला तिघांना तिथे राहायचं असेल तर शेजारच्या खोलीत मीही येईन. माझं इथे काय अडलंय? चौथा मजला आणि बंद लिफ्ट. किंवा मी गावी येते आणि संध्याकाळी ठमीला गणित शिकवते. शांततेचं बघू, रेडिओ लावून झोपेन. नाहीतर तुम्ही तिघंही इकडे या. यातलं काय सोयीचं, ते मला एकटीला ठरवता येणार नाही. काय नको, ते मात्र मला कळलंय.

ढब्बू, मी दिलेला होकार मागे घेते. ठमीला माझ्याकडे पाठवू नकोस. हे लिहिताना पिवळी खोली समोर दिसतेय, आणि मला ती पोर हवी आहे, इतकी की मला माझाच भरवसा वाटत नाही, म्हणून आजच हे पत्र टाकतेय. आठवड्यापूर्वी फोनवर तू किती आनंदानं सांगितलंस, ‘ताई, मला वाटलं होतं रडेल, पण ठमी तर नाचतेय. आत्तापासून बॅग भरून दारात ठेवलीय. रविवारी स्टॉपवर भेटायचं म्हटलं तर म्हणते, कुणाची बस आधी येते ते बघू.’ तू हसत होतास. पाइपचं पाणी चालू होतं. मी फोन ठेवला. हा खेळ तिला तू शिकवला नाहीस, मी शिकवला नाही. तिचा तिनंच काढला. तेव्हा उद्या बॅग आत ने, आणि ती नाचत असेल तेव्हा लांबून बघू नकोस. जवळ बस, आणि ती नाचायची थांबेपर्यंत तिथेच राहा. आपल्याजवळ तेवढा वेळ कुणी थांबलं नव्हतं.

तुझीच,
ताई